धुराच्या शोधात

परदेशातून सुट्टीवर आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो जेवणाचा. "काय हो, तिकडे खाण्याचे हाल होत असतील, नाही?" एवढे कुणी म्हणायचा अवकाश, की तो माणूस घसा खाकरून सुरू होतो. पहिल्या हिवाळ्यात गोडा मसाला कसा संपला, मेतकुटाची पुडी कशी पुरवून पुरवून खाल्ली, पहिल्या संक्रांतीला तिळगुळाऐवजी काय वाटले, ही कथा प्रत्येकाजवळ असते. मी टोकियोत २०१२ साली गेलो. माझ्याजवळही ती आहे आणि ती सांगायला मला तासभर सहज लागतो. पण आज सांगणार आहे ती हकिकत माझ्या जिभेची नाही. ती आमच्या एका शेजाऱ्याच्या जिभेची आहे, आणि गंमत अशी की तो जे शोधत होता त्यातला निम्मा भाग मी तोंडातही घालत नाही.

टोकियोच्या पूर्व अंगाला, एदोगावा विभागात, निशिकासाई नावाचे उपनगर आहे. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली हिंदी मंडळी तिथे वस्ती करू लागली आणि आज स्टेशनाबाहेर घटकाभर उभे राहिले तर तमिळ, तेलुगू, हिंदी आणि नशीब असेल तर मराठीही कानांवर पडते. तिथेच एका इमारतीत आमचे बिऱ्हाड. एका थंडीच्या संध्याकाळी सौभाग्यवती गॅसवर वांगे भाजत होती. जपानी वांगी बोटभर लांब आणि सडपातळ, भरतासाठी निरुपयोगी. मोठे, गोल, भरताला योग्य असे जे वांगे तिथे मिळते त्याला जपानी लोक 'बेइनासू' म्हणतात, म्हणजे चक्क 'अमेरिकन वांगे'! तर त्या अमेरिकन वांग्याचा धूर घरभर झाला, जिन्यात गेला, आणि दारावरची घंटा वाजली.

दारात सहा फूट चार इंचांचा एक गोरा गृहस्थ, जपानी चौकट लागू नये म्हणून मान वाकवून उभा. वरच्या मजल्यावर राहणारा, हे मला ठाऊक होते. बोलणे कधी झाले नव्हते.

"तुमच्या घरातून धूर येतोय," तो म्हणाला.

मी ओशाळलो. माफी मागू लागलो. तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "नाही, नाही, तक्रार नाही. मी नुसता वास घ्यायला आलोय. चालेल का?"

चालण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला आत बसवले, भरत आणि पोळी वाढली. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले. मग सांगू लागला. गाव टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळचे. टोकियोत एका शाळेत इंग्रजी शिकवायला २०११ साली आला. बायको जपानी, एक लहान मुलगी. आणि त्या दिवसापासून दोन गोष्टी शोधतोय. एक, बरा बर्गर. आणि दुसरी, खरा बार्बेक्यू. त्याचे आडनाव आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला टेक्सासकर म्हणू लागलो. त्याच्या बायकोला अर्थातच टेक्सासकरवहिनी.

इथे एक कबुली देऊन टाकतो. मी मटण-कोंबडी खातो, गोमांस खात नाही. आमच्या घरी ते कधी आले नाही. तेव्हा या साऱ्या शोधात मी होतो तो परक्याच्या वरातीत सापडलेल्या वाटसरूसारखा. वाजंत्री आपल्यासाठी नाही, पण पाय मात्र तालात पडताहेत.

बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यावर काहीतरी भाजणे, अशी माझी समजूत होती. ती ऐकून टेक्सासकरांचा चेहरा असा झाला, जसा कुणी "पुरणपोळी म्हणजे गोड पराठाच ना?" असे म्हटल्यावर माझ्या आईचा झाला असता. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा. स्पॅनिश लोकांनी तो 'बार्बाकोआ' म्हणून उचलला आणि तिथून तो इंग्रजीत आला. पण अमेरिकेत त्याचे चार प्रांतांत चार धर्म झाले. कॅरोलायनात डुकराचे मांस आणि व्हिनेगर, मेम्फिसला बरगड्या, कॅन्सस सिटीला घट्ट गोडसर सॉस, आणि टेक्साससारख्या गुरांच्या मुलुखात गोमांस. मध्य टेक्सासात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक खाटीक येऊन वसले. न खपलेले मांस टिकावे म्हणून ते धुरावर ठेवत आणि खाटकाच्याच कागदावर वाढून विकत. आजही तिथे ताटलीऐवजी कागद पुढे येतो. लॉकहार्ट हे तर टेक्सासची बार्बेक्यूची राजधानी, असा ठराव तिथल्या विधिमंडळाने १९९९ साली केला आहे. कोल्हापूरला तांबड्या रश्श्यासाठी असा ठराव अजून मिळायचा आहे!

"साहित्य काय लागतं?" सौभाग्यवतीने विचारले.

"मीठ, मिरी, ओकचं लाकूड," टेक्सासकर म्हणाले, "आणि एक अख्खी रात्र."

शोधाची सुरुवात आम्ही घराजवळून केली. कासाई रिंकाई उद्यान आमच्या वस्तीपासून जवळच, समुद्राच्या काठी. तिथे बार्बेक्यूसाठी राखीव जागा आहे. वसंत ऋतूतल्या एका रविवारी आम्ही दोन्ही कुटुंबे गेलो. सगळीकडे जाळ्या मांडलेल्या, निखारे फुललेले, आणि प्रत्येक जाळीवर कागदासारखे पातळ मांसाचे काप, कांद्याच्या चकत्या, मक्याची कणसे आणि शेवटी नूडल्स. काप टाकला, उलटला, खाल्ला. सारा मामला अर्ध्या मिनिटाचा. मंडळी मजेत होती. संध्याकाळच्या आत राख ठरलेल्या जागी टाकून, कचरा निवडून, जागा लखलखीत करून सारी घरी. जपानमध्ये सम्राट तेन्मूने इसवी सन ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातल्या काही महिन्यांपुरती बंदी घातली, आणि मांसाविषयीचा संकोच पुढे कितीतरी शतके टिकला. १८७२ साली सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे भीड चेपली. अशा देशात मांस पातळ कापून, बेताने खाल्ले जाते यात नवल नाही. मला तर तो दिवस फार आवडला. टेक्सासकर मात्र एका कणसाकडे बघत म्हणाले, "छान आहे. पण हा बार्बेक्यू नव्हे, ही सहल आहे."

बार्बेक्यू दूर राहिला. निदान बर्गर तरी बघू, म्हणून जून महिन्यात आम्ही योकोसुकाला गेलो. शिनागावाहून केइक्यू रेल्वेने तासाभराचा रस्ता. हे आरमारी गाव. पूर्वी जपानी आरमाराचे, आणि १९४५ नंतर अमेरिकन आरमाराचाही तळ. तळाच्या तोंडाशी दोबुइता नावाची गल्ली आहे. पाठीवर गरुड आणि वाघ भरतकाम केलेली रेशमी जाकिटे टांगलेली, दुकानांच्या पाट्या अर्ध्या इंग्रजी. २००८ साली तळावरच्या अमेरिकन आरमाराने आपल्या बर्गरची कृती नगरपालिकेला भेट दिली आणि तेव्हापासून 'योकोसुका नेव्ही बर्गर' ही गावाची मिरवण्याची वस्तू झाली.

टेक्सासकरांपुढे बर्गर आला. इथे एक खुलासा करायला हवा. जपानी घरांत 'हांबागू' नावाचा पदार्थ फार लाडका आहे. त्यात गाय आणि डुक्कर दोहोंचा खिमा, कांदा, पावाचा चुरा, अंडे. आणि तो भाताबरोबर खातात. तोच मऊ, गोडसर हात पुष्कळ जपानी बर्गरांवरही फिरलेला असतो. एका जपानी कंपनीने १९७३ साली तेरियाकीची गोड-खारट चटणी घातलेला बर्गर काढला आणि १९८७ साली पावाऐवजी भाताच्या दोन चकत्या घातल्या. आपण वडापावात बटाटा आणि पाव, दोन्ही परक्यांकडून घेऊन मधोमध लसणीची चटणी सारली, त्यातलाच हा प्रकार. योकोसुकाचा बर्गर मात्र निव्वळ मांसाचा, मीठमिरीचा. टेक्सासकरांनी तो दोन्ही हातांनी धरला, कोपरे टेबलावर टेकवली आणि पाच मिनिटे एक अक्षर बोलले नाहीत. मग हनुवटी पुसून म्हणाले, "हा खरा."

बारा वर्षांच्या शोधातला अर्धा भाग असा एका दुपारी संपला.

माझ्यापुढे त्याच वेळी करी-भात होता. कारण योकोसुकाची दुसरी मिरवण्याची वस्तू म्हणजे आरमारी करी. १९९९ पासून हे गाव स्वतःला 'करीचे गाव' म्हणवते. १९०८ साली जपानी आरमाराने खलाशांच्या स्वयंपाकाचे एक पुस्तक काढले, त्यात करीची कृती आहे. ती आली इंग्रजांच्या आरमाराकडून, आणि इंग्रजांकडे गेली आपल्याकडून. पिठाने घट्ट केलेला तपकिरी रस्सा, बटाटा, गाजर, कोंबडी. सोबत कोशिंबीर आणि पेलाभर दूध! टेक्सासकरांनी हळूच विचारले, "तुमच्या घरच्यासारखी आहे का?"

मी विचार करून म्हणालो, "आमच्या घरची एक मुलगी फार लांब दिली होती. तिच्या नातवंडांना भेटल्यासारखं वाटतंय. नाक ओळखीचं आहे."

परतताना मी त्यांना रासबिहारी बोसांची हकिकत सांगितली, आणि पुढच्या रविवारी शिंजुकूला घेऊन गेलो. १९१२ साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग्जवर बाँब टाकण्याच्या कटातले हे क्रांतिकारक १९१५ साली जपानला निसटले. इंग्रज सरकार मागावर होते. शिंजुकूच्या 'नाकामुराया' या पाव-केकच्या दुकानाचे मालक सोमा पतिपत्नी, त्यांनी बोसांना आपल्या आवारात लपवले. १९१८ साली सोमांच्या मुलीशी, तोशिकोशी, त्यांचे लग्न झाले. १९२५ साली ती वारली. आणि १९२७ साली नाकामुरायाने खाद्यगृह उघडले तेव्हा बोसांच्या आग्रहाने तिथे हिंदी पद्धतीची करी सुरू झाली. पिठाची, इंग्रजी वळणाची ती करी त्यांना मान्य नव्हती. हाडासकट कोंबडी आणि खरा मसाला, असा त्यांचा हट्ट. ती करी तिथे आजही मिळते. बोस जानेवारी १९४५ मध्ये टोकियोतच वारले. मायदेश पुन्हा दिसला नाही, स्वातंत्र्यही दिसले नाही.

टेक्सासकरांनी करी खाल्ली. मग विचारले, "त्यांना जमली होती का ती? म्हणजे, खाल्ल्यावर त्यांना बरं वाटलं असेल का?"

मला उत्तर देता आले नाही. प्रश्न बोसांविषयी नाही, एवढेच ध्यानात आले.

टोकियोत अमेरिकन धर्तीची बार्बेक्यूची दुकाने आता निघाली आहेत. उन्हाळाभर आम्ही त्यांचे दरवाजे झिजवले. चांगला बार्बेक्यू कसा ओळखायचा, हे मला एव्हाना तोंडपाठ झाले होते. वरचा थर काळा आणि कुरकुरीत हवा. कापल्यावर त्याच्या आत गुलाबी कडा दिसायला हवी. काप बोटावर आडवा टाकला तर दोन्हीकडे लवला पाहिजे, पण तुटता कामा नये. आणि जरा ओढला की मात्र सुटला पाहिजे. सॉस आधी मागू नये. आधी चव घ्यावी. एका ठिकाणी धूर बाटलीतल्या अर्काचा निघाला. दुसरीकडे सॉसचा पूर आला होता. सप्टेंबरात मात्र एका लहानशा दुकानात काप लवला, तुटला नाही, ओढल्यावर सुटला. टेक्सासकरांनी सारे संपवले, मालकाचे मनापासून आभार मानले आणि स्टेशनापर्यंत गप्प चालत राहिले.

"जमलं नाही का?" मी विचारले.

"जमलं. उत्तम होतं."

"मग?"

"मला वाटलं होतं, सापडलं की बरं वाटेल."

त्या रात्री आमच्या घरी चहा घेताना त्यांनी सांगितले. त्यांचे वडील मे २०२० मध्ये वारले. त्यांच्या परसात तेलाच्या पिंपाची चूल होती. दर शुक्रवारी रात्री ती पेटायची आणि शनिवारी दुपारी अर्धी आळी जेवायला यायची. त्या वर्षी ३ एप्रिलपासून जपानने अमेरिकेतून येणाऱ्या परदेशी लोकांना दार बंद केले होते; इथे घरदार असलेल्यांनासुद्धा. गेले असते तर परत कधी येऊ देतील याची शाश्वती नव्हती, आणि मुलगी दोन वर्षांची. ते गेले नाहीत. अंत्यविधीच्या दिवशी भावाने परसातली चूल पेटवली आणि फोन तिच्यापुढे धरला.

"धूर दिसला," टेक्सासकर म्हणाले. "वास नाही आला."

कुणाला काही सुचेना. शेवटी सौभाग्यवतीने चहाचे कप उचलता उचलता म्हटले, "अहो, पण वडिलांचं श्राद्ध कुणी हॉटेलात शोधतं का? ते आपल्याच चुलीवर करायचं असतं."

मी ते जमेल तसे इंग्रजीत सांगितले. श्राद्ध या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचे याचा विचार करण्यातच माझी पाच मिनिटे गेली. पण टेक्सासकरांना ते कळले असावे. दुसऱ्या दिवशी ते पिंप शोधायला बाहेर पडले.

टेक्सासकरवहिनींचे माहेर चिबा प्रांतात, बोसो द्वीपकल्पावर. भातशेती, मागे टेकडी, प्रशस्त अंगण. ३ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार, जपानमध्ये संस्कृतिदिनाची सुट्टी. आम्ही सारे पोचलो तेव्हा दोनशे लिटरचे पिंप आडवे कापून, धुरांडे बसवून तयार होते. मांसासाठीही पुष्कळ वणवण झाली होती. छातीकडचा सहा किलोंचा अख्खा तुकडा हवा, म्हटल्यावर आमच्या वस्तीतला खाटीक अदबीने विचारी, "किती पातळ कापू?" शेवटी परदेशी माल आणणाऱ्या एका दुकानातून तो आला.

वहिनींचे वडील सत्तरीचे, अबोल. जावयाच्या वडिलांसाठी काहीतरी आहे, एवढे त्यांना कळले होते. त्यांनी आतून एक खोके आणून मोठ्या मानाने पुढे ठेवले. बिंचोतान! ओकच्या जातीच्या उबामे लाकडाचा हा जपानचा नामांकित कोळसा. किंमत विचारू नये असा. "सर्वोत्तम," ते म्हणाले, "जराही धूर होत नाही."

टेक्सासकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वहिनींनी बापाच्या कानाशी लागून काहीतरी सांगितले. म्हातारा क्षणभर जावयाकडे बघत राहिला. मग काही न बोलता कोठाराच्या मागे गेला आणि हातगाडीभर वाळलेली लाकडे घेऊन आला. 'नारा' आणि 'साकुरा', म्हणजे ओक आणि चेरी.

संध्याकाळी सहाला चूल पेटली. उष्मा ११० ते १२० अंशांच्या आत ठेवायचा, दर पाऊण तासाने एक लाकूड सारायचे, आणि झाकण उघडून बघण्याचा मोह टाळायचा. लाकूड सारण्याचे काम माझ्याकडे होते. मध्यरात्रीच्या सुमारास मांसातला काटा सत्तरच्या जवळपास येऊन थांबला, तो हलेचना. एक तास, दोन तास. टेक्सासकर येरझारा घालू लागले. यात बिघाड काही नसतो. मांसातला ओलावा बाहेर येऊन उडत असतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. आपल्या माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, तेच कारण. हे टेक्सासकरांनीच मला शिकवले होते, पण स्वतःच्या चुलीपुढे माणूस शिकवलेले विसरतो. शेतकरी सासरा मात्र लाकडाच्या ओंडक्यावर बसून होता. तो एकच शब्द बोलला, "मात्सु." थांबायचे.

आम्ही थांबलो. रात्र लांबली तशी म्हाताऱ्याची जीभ सैल झाली. २० जुलै १९७१ रोजी टोकियोच्या गिंझा भागात जपानमधले पहिले मॅकडोनाल्ड उघडले. ते गाजत होते तेव्हा, अठराव्या वर्षी, तो आगगाडीने तिथे गेला होता. रस्त्यावर उभ्याने पहिला बर्गर खाल्ला. पाव दमट लागला, काकडीची चकती आंबट. "घरी येऊन काय सांगितलंत?" मी वहिनींकरवी विचारले. "फार छान होता म्हणून," तो म्हणाला. "तिकिटाला पैसे पडले होते ना."

काटा पहाटे हलला. टेक्सासकरांनी तुकडा कागदात गुंडाळून परत ठेवला. चिवट धागे वितळून मऊ व्हायला काटा पंचाण्णवपर्यंत चढावा लागतो. तो चढेपर्यंत उजाडले होते. वरच्या जाळीवर, म्हणजे आमच्या दृष्टीने सोवळ्यात, माझ्यासाठी कोंबडी होती आणि सौभाग्यवतीने आणलेली चार अमेरिकन वांगी.

साडेनऊला तुकडा कापला. एक टोक कोरडे झाले होते. बाकीचा काप बोटावर टाकला, तो लवला. टेक्सासकरांनी घास घेतला आणि धुरांड्याकडे तोंड करून उभे राहिले. कुणी त्यांना हाक मारली नाही. मुलगी तेवढी जाऊन त्यांच्या पायाला बिलगली आणि म्हणाली, "बाबा, तुझ्या शर्टाला वास येतोय." त्यांनी तिला उचलून घेतले.

इकडे सौभाग्यवतीने वांगी सोलून कांदा, कोथिंबीर, दाण्याचे कूट घालून भरत केले होते. म्हाताऱ्याने ते चाखले, विचार केला, आणि पावाच्या दोन चकत्यांमध्ये मांस घालून त्यावर सढळ हाताने भरत पसरले. सौभाग्यवतीने तोंड फिरवले. त्याने मात्र तो अभूतपूर्व बर्गर शेवटपर्यंत खाल्ला, हात पुसले आणि जावयाला विचारले, "पुढल्या वर्षासाठी किती लाकूड तोडून ठेवू? नारा वर्षभर तरी वाळायला हवा."

टेक्सासकरांनी पुष्कळ वेळ घेऊन उत्तर दिले. जपानीत दिले, त्यामुळे मला कळले नाही. म्हाताऱ्याने मान हलवली, एवढे दिसले.

पुढच्याच आठवड्यात दिवाळी आली. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला. पहाटे अभ्यंगस्नान करून मी बाहेर आलो. थंडी चांगलीच होती, म्हणून खुंटीवरचा स्वेटर अंगात घातला. तोच तो, त्या रात्रीचा. गळ्यातून डोके बाहेर येईपर्यंत मी वाईला होतो. आजोळच्या मागल्या अंगणात, अंगाला तेल चोपडलेले, दात वाजताहेत, आणि तांब्याच्या बंबातून लाकडाचा धूर निघतोय. आजी फुंकणीने फुंकते आहे. तो बंब मोडीत जाऊन तीस वर्षे झाली. दहा महिने मी एका परक्या माणसाबरोबर कशाला हिंडत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

"तो स्वेटर काढा आधी," सौभाग्यवती आतून म्हणाली, "धुवायला टाकायचाय. धुराचा वास येतोय त्याला."

मी म्हटले, "असू दे गं. दिवाळी झाल्यावर टाकू."